क्रॉशॉची बायको

सार्जंट क्रॉशॉला बायको होती की नव्हती, यावरून माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली मी पाहिली आहेत. चांगली शिकलेली-सवरलेली माणसं. त्यातला एक तर दातांचा डॉक्टर होता. तो 'बायको नव्हती' या पक्षाचा. एका वर्षी चहाचा कप टेबलावर आपटून गेला तो गेलाच, पुन्हा आमच्या मेळाव्याला आला नाही.

क्रॉशॉ खरा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकते. 'टॅनरी लेन' ही पोलीस ठाण्याची मालिका एकोणसत्तर ते अठ्ठ्याहत्तर अशी नऊ वर्षं टीव्हीवर चालली. त्यातला हा सार्जंट. मालिका संपल्यावर त्याला बढती देऊन मोरकमच्या समुद्रावर पाठवला आणि त्याच्याच नावाची दुसरी मालिका काढली. ती दोन वर्षं बरी चालली. मग ठाण्यातल्या जॉइस नावाच्या पोलीस बाईला नोकरी सोडायला लावून खाजगी गुप्तहेर केली आणि तिची तिसरी मालिका काढली. तिचे आठ भाग झाले. आठही भाग आम्ही दर वर्षी थोडेथोडे बघतो, कारण बघायचे असा नियम आहे. जॉइसला त्या लाल मोटारीत बसलेली बघून माझं तर डोकं उठतं.

आम्ही म्हणजे 'टॅनरी लेन'चे चाहते. दर वर्षी ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी रॉचडेलच्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये जमतो. पूर्वी दोनशे यायचे, आता चाळीसेक येतात. मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली बाई म्हणून मला धरलं, आणि एकदा धरलं ते धरलंच. चिठ्ठ्या लिहायच्या, हॉलचं भाडं भरायचं, सभेचं इतिवृत्त लिहायचं, आणि कुणी टोमॅटो खात नाही, कुणी चीज खात नाही, ते लक्षात ठेवायचं.

अध्यक्ष नेव्हिल ऑर्मरॉड. शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं आयुष्यातली पस्तीस वर्षं घालून तिन्ही मालिकांची एक भलीमोठी वही तयार केली आहे. कोण कुठल्या भागात काय बोललं, ठाण्याच्या घड्याळात किती वाजले होते, क्रॉशॉनं किती वेळा बूट पुसले, सगळं. तिला आम्ही 'स्टेशन डायरी' म्हणतो. नेव्हिलचं एक ठरलेलं वाक्य आहे, "डायरीत नाही ते घडलंच नाही." त्यावर वाद नाही.

तर या डायरीत अठरा पानं क्रॉशॉच्या बायकोवर होती. आणि ती बाई तिन्ही मालिकांत एकदाही दिसलेली नाही.

त्याचं असं आहे. त्या काळी टीव्हीवाले जुन्या टेपा पुसून त्यांवर नवं काहीतरी घ्यायचे. एकाहत्तर सालचा एक भाग असाच गेला. चित्र गेलं, आवाज तेवढा राहिला, आणि तोही कसा, तर चौदा वर्षांची एक मुलगी घरी टीव्हीसमोर कॅसेटचा माइक धरून बसली होती म्हणून. ती मुलगी म्हणजे लिनेट हॉवर्थ. पुढे त्र्याऐंशी साली तिनं ती कॅसेट नेव्हिलला पाठवली, आणि नेव्हिलला लॉटरी लागल्यासारखं झालं.

त्या भागात क्रॉशॉ कालव्यातून एका पोराचं प्रेत बाहेर काढतो. शेवटी तो घरी येतो. कॅसेटवर दार वाजतं, पावलं ऐकू येतात, खुर्ची सरकते. पुन्हा एक दार वाजतं. आणि मग एका बाईचा आवाज येतो, आमच्याकडच्याच बोलीतला, दमलेला, थोडा रागावलेला. "आधी तो कोट काढ. चिंब झालाय." बस. लगेच शेवटचं संगीत.

एवढ्याशा पिसाचा नेव्हिलनं केवढा कावळा केला! दोन दारं वाजली म्हणजे घराला मागचं दार आहे. त्यानं घराचा नकाशा काढला. दुसऱ्या मालिकेत मोरकमच्या घरात दोन खुंट्या दिसतात आणि एकीवर काहीच टांगलेलं नसतं. म्हणजे बाई मधल्या काळात वारली. तिचं नाव काय असावं यावर तीन वर्षं पत्रव्यवहार चालला. काही जण एलेनॉर म्हणत, काही मॅव्हिस. आणि ते वाक्य तर आमच्याकडे रामरामासारखं झालं. मेळाव्याला कुणीही दारात आलं की आत असलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "आधी तो कोट काढ. चिंब झालाय." ऊन पडलेलं असलं तरी म्हणायचं. मीही म्हणायची. आता सांगायला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी सायप्रसमध्ये, एका बंद पडलेल्या टीव्ही केंद्राच्या तळघरात त्या भागाची फिल्म सापडली. चित्रासकट. तिची एक डिस्क आम्हाला मेळाव्यात दाखवायला मिळाली. नेव्हिलनं फर्मान काढलं की आधी कुणीही बघायची नाही, अगदी त्यानं स्वतःही नाही. पाकीट सेक्रेटरीच्या ताब्यात. मी ते पाव ठेवायच्या डब्यात ठेवलं.

मेळाव्याच्या आदल्या सोमवारी लिनेट माझ्याकडे आली. ती माझी मेळाव्यातली मैत्रीण. आम्ही दोघी मिळून सँडविच करतो. मितभाषी बाई. लायब्ररीत नोकरी केली, लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं कोट न काढताच विचारलं, "मार्जरी, ती डिस्क हरवली तर काय होईल गं?"

"नेव्हिल मला कालव्यात ढकलेल," मी म्हटलं. "का?"

"सहज."

"लिनेट, तू सहज बस पकडून एवढ्या लांब येत नाहीस. बोल."

ती खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर घेतली. "तो आवाज त्यात नसणार," ती म्हणाली. "ती माझी आई आहे."

मी किटली खाली ठेवली.

"बाबा बसवर कंडक्टर होते. त्या दिवशी ड्यूटीवरून भिजून आले. दुसरं दार वाजतं ना, ते आमचं दार. आई त्यांना बोलली. मी इतकी चिडले होते तिच्यावर, माझं रेकॉर्डिंग बिघडवलं म्हणून. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी." तिनं पर्सची कडी उघडली, बंद केली. "चार महिन्यांनी ती गेली. फेब्रुवारीत. तिचा दुसरा कुठलाच आवाज नाही माझ्याकडे."

"अगं, मग चाळीस वर्षं मूग गिळून का बसलीस?"

"नेव्हिलचं पत्र आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यानं लिहिलं होतं, हे मालिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. काय सांगणार त्याला? आणि मग..." ती थांबली. "मग सगळे म्हणायला लागले. मला आवडायचं, मार्जरी. आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि दोनशे माणसं तिचं बोलणं पाठ म्हणतात. शनिवारी फिल्म लागली की संपलं. डायरीतून काढतील तिला."

मला दया आली, खोटं कशाला बोलू. पण डिस्क हरवायला मी नकार दिला. डिस्क काय ती एकच नव्हती, आज ना उद्या फिल्म कुठूनतरी बाहेर येणारच होती. "तू आधीच उभी राहून सांग," मी म्हटलं. "लोकांना दुसरीकडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे."

"बघते," ती म्हणाली. आमच्याकडे 'बघते' म्हणजे नाही.

शनिवारी एकेचाळीस माणसं आली. प्रत्येकाचं दारात स्वागत झालं, त्याच वाक्यानं. लिनेटचंही झालं. सॉसेज रोल संपले. पडदे ओढले आणि नेव्हिलनं स्वतःच्या हातानं डिस्क घातली. तो नवा टाय घालून आला होता.

भाग चांगला होता. बावन्न वर्षांनी बघतानाही चांगला वाटला. कालव्याच्या काठी क्रॉशॉ पोराच्या बुटाची नाडी बांधतो, ते कॅसेटवर कधी कळलंच नव्हतं. हॉलमध्ये कुणीतरी नाक शिंकरलं. मग शेवटचा प्रसंग आला. दार. पावलं. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक बशी. क्रॉशॉ खुर्ची ओढून बसतो. त्याच्या कोटातून पाणी जमिनीवर गळतंय.

दुसरं दार वाजलंच नाही. पण आमच्या लोकांना ती कॅसेट क्षणाक्षणाला पाठ. नेमकं ज्या ठिकाणी ते वाक्य यायचं, त्या ठिकाणी चाळीस तोंडं आपोआप उघडली आणि अंधारात सगळे एका आवाजात म्हणाले, "आधी तो कोट काढ. चिंब झालाय."

पडद्यावरचा माणूस हलला नाही. त्याच्यापाशी कुणीच नव्हतं. तो तसाच ओल्या कोटात बसून राहिला, कितीतरी वेळ, आणि मग नावं यायला लागली.

मी लिनेटकडे पाहिलं. ती माझ्या शेजारी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

दिवे लागले.  बोल्टन गावचा एक गृहस्थ म्हणाला की सायप्रसवाल्यांनी बायको कापली असणार, तिकडचे लोक सेन्सॉरच्या बाबतीत कडक. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. नेव्हिल रिमोट हातात धरून पडद्याकडे बघत होता. त्याच्या नकाशातलं मागचं दार त्या खोलीत नव्हतं, हे त्याला दिसलं होतं.

तेव्हा लिनेट उभी राहिली. मला वाटलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, बाबांची ड्यूटी, दार, आई. चार-पाच वाक्यांत उरकलं. आणि शेवटी म्हणाली, "तर आता, तुमची काही हरकत नसेल तर, ते वाक्य सोडून दिलंत तर मला बरं वाटेल. म्हणजे, फार अडचण होत नसेल तर."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. सोमवारी ही बाई ते वाक्य राहावं म्हणून डिस्क हरवायला निघाली होती.

आता आमची इंग्रज माणसं कशी, तर घराला आग लागली तरी 'तुम्हाला सवड असेल तर बादली आणता का' असं विचारतील. आणि ऐकणारेही तसेच, सवड काढून विचार करतील. लिनेटच्या त्या 'हरकत नसेल तर'चा अर्थ हॉलमधल्या एकालाही कळला नाही. सगळ्यांना वाटलं, बिचारी संकोचते आहे, आपल्या आईमुळे सगळ्यांची फजिती झाली म्हणून माफी मागते आहे. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नेव्हिल पुढे आला आणि त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"लिनेट," तो म्हणाला, "अगं, आम्ही सोडू होय तिला?"

आणि लगेच ठराव मांडला. लिनेटच्या आईचा आवाज हाच यापुढेही सार्जंट क्रॉशॉच्या पत्नीचा आवाज मानण्यात यावा आणि तिचं स्थान डायरीत कायम राहावं. टाळ्या पडल्या. बाजूने किती? एकोणचाळीस हात वर. सेक्रेटरीला मत नसतं.

"विरोधात?" नेव्हिलनं हसत विचारलं. विचारावं लागतं.

लिनेटनं हात वर केला. खांद्यापर्यंत, त्याहून वर नाही.

लोक कौतुकानं हसले. "हिचा विनय बघा," कुणीतरी म्हणालं. पुन्हा टाळ्या.

मी उठून बोलायला हवं होतं. 'ती नको म्हणते आहे, बहिरे आहात का' एवढं म्हणायला हवं होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. मी पेन हातात घेऊन बसून राहिले.

निघताना तर कहर झाला. ती कोट घालत असताना एकेक जण तिच्यापाशी आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं ते वाक्य म्हणाला. म्हाताऱ्या बायकांनी तिचे गाल धरले. बोल्टनच्या गृहस्थानं तर आवाज बारीक करून म्हटलं. ती प्रत्येकाला थँक्यू म्हणाली.

मी तिला घरी सोडायला निघाले. सिग्नलला थांबलो तेव्हा ती बोलली.

"मला वाटत होतं ते वाक्य गेलं तर आई जाईल. अंधारात सगळे ओरडले ना, तेव्हा मी तिचा आवाज आठवायला गेले. आला नाही, मार्जरी. नेव्हिलचाच आला. तो नाकात बोलतो ना, तसा." ती समोरच्या काचेतून बघत होती. "कधीपासून येईनासा झालाय ते माझ्या लक्षातच आलं नाही. मीच सगळ्यांना वाटून टाकला."

"कॅसेट ऐक की घरी जाऊन."

"ऐकली तरी आता मागे ते सगळे म्हणतात."

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. मी गाडी पुढे घेतली.  मला माझाच इतका राग आला होता की मी दोनदा चुकीच्या गिअरमध्ये टाकली.

रविवारी सकाळी मी इतिवृत्त लिहायला बसले. उपस्थिती, आभार, हॉलच्या हीटरची तक्रार. मग ठरावाचा मजकूर लिहिला, अक्षर न् अक्षर. आणि खाली लिहिलं, 'मतदान होऊन ठराव फेटाळण्यात आला. संबंधित आवाज डायरीतून वगळावा.' ध चा मा करायला फार शाई लागत नाही. टाइप करून एकेचाळीस पाकिटं पोस्टात टाकली.

एकाचाही फोन आला नाही. मला खात्रीच होती. आमच्याकडे इतिवृत्त कुणी वाचत नाही. एका वर्षी मी हीटरच्या तक्रारीनंतर माझ्या फ्रूटकेकची कृती घातली होती, तीसुद्धा सर्वानुमते मंजूर झाली.

पुढच्या वर्षी सभा सुरू झाली. लिनेटला मी मुद्दामच चहानंतर ये म्हणून सांगितलं होतं. नेव्हिलनं विचारलं, "गेल्या वर्षीचं इतिवृत्त सगळ्यांना मिळालंय. वाचलं असं समजायचं ना?"

"समजायचं," सगळे म्हणाले. नेव्हिलनं खिशातून पेन काढलं आणि सही केली.

"मग डायरीत तेवढी दुरुस्ती करून घेऊ," मी म्हटलं.

"कसली दुरुस्ती?"

मी वाचून दाखवलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. बोल्टनचा गृहस्थ म्हणाला की त्याला तर वेगळंच आठवतंय. मी म्हटलं, मलाही बऱ्याच गोष्टी वेगळ्या आठवतात, म्हणून तर आपण लिहून ठेवतो. नेव्हिल कागद हातात घेऊन बघत होता. खाली त्याची सही होती, अजून ओली. लिहून सही झालेलं खरं, हा नियम त्यानंच केलेला.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मार्जरी, तिला बरं वाटावं म्हणून केलं होतं मी."

"ठाऊक आहे मला."

"तिला नको होतं?"

"ती म्हणाली होती नको म्हणून. सगळ्यांसमोर."

"ती म्हणाली, हरकत नसेल तर."

"तेच म्हणाली."

तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. त्यात साखर नव्हतीच, तो घेत नाही. मग टेबलावरची डायरी उघडली, कड्या सोडवल्या आणि अठरा पानं काढून माझ्या हातात दिली. नकाशा सगळ्यात वर होता. सुबक काढला होता, पेन्सिलीनं आधी रेघा मारून.

"सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला, आणि खरंच एकेकाजवळ जाऊन सांगून आला.

साडेतीनला लिनेट आली. दारात उभी राहिली. चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती आणि कुणाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. बोल्टनच्या गृहस्थाला तर ओठ आवळून धरावे लागले. कुणीतरी "ये गं, बस" म्हणालं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. समोर पडद्यावर जॉइसचा चौथा भाग लागला होता.

"काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"ठराव पडला."

"केव्हा?"

"गेल्याच वर्षी. एका मतानं. तुझ्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग माझ्या हाताला जरासा चिमटा काढला आणि समोर बघायला लागली. जॉइस लाल मोटारीतून कुणाचातरी पाठलाग करत होती, ताशी वीस मैलांच्या वेगानं.

भाग संपता संपता ती म्हणाली, "मी वर्षभर कॅसेट लावलीच नाही. मंगळवारी भांडी विसळत होते, तेव्हा आईचा आवाज आला. तिचाच. दुसरंच काहीतरी म्हणत होती, मी पार विसरून गेले होते ते."

"काय म्हणत होती?"

"नाही सांगणार," लिनेट म्हणाली. "तुम्हा लोकांना काही सांगायची सोय नाही."